टोनर चिकटला पाहिजे, पण एकदाच

लेबलचा चांगला रोल उलगडताना जवळजवळ आवाज येत नाही, नुसती कागदाची सळसळ, आणि बिघडलेला रोल असेल तर बारीक चर्र चर्र येतं, जुनी चिकटपट्टी हळूहळू ओढल्यासारखं. मागच्या मे महिन्यात माझ्या मामेभावाने रबाळ्याच्या त्याच्या लेबलं छापायच्या गाळ्यातून फोन केला आणि काही न बोलता फोन सरळ रोलजवळ धरला. "ऐकलंस का ताई?" ऐकलं म्हटलं, आता थांब, कोअरजवळचे, म्हणजे रोलच्या मधल्या नळीजवळचे, शेवटचे दहा-बारा वेढे कसे आहेत तेवढं बघून सांग. वाटलं होतं तेच, ते सगळ्यात वाईट होते. लेबलवरचा गडद निळा पट्टा वरच्या वेढ्याच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी उतरलेला, आणि काही लेबलं तर स्वतःचा लायनर, म्हणजे खालचा सोलून टाकायचा कागद, सोडून त्या पाठीलाच जाऊन बसलेली.

मी महाप्याला एका लॅबमध्ये रेझिन आणि टोनरच्या फॉर्म्युलेशनचं काम करते. त्यामुळे नात्यात कुणाचाही प्रिंटर अडला की फोन मला, मला प्रिंटर दुरुस्त करता येत नाही हे आजवर कुणाला पटलेलं नाही. पण हे प्रकरण खरंच माझ्या लाइनीतलं होतं, कारण त्याची लेबलं टोनरनेच छापली जातात. ह्याला धंद्यात ब्लॉकिंग म्हणतात, छापलेला थर शेजारच्या थराला चिकटून बसणं, आणि हे का होतं आणि होऊ नये म्हणून टोनरच्या आत काय काय करावं लागतं ते आज जरा निवांत लिहिते.

ब्लॉकिंगचा एक भाऊबंद तुम्ही घरी बघितलेला आहे. मार्कशीटची झेरॉक्स प्लास्टिकच्या मऊ फाइलीत ठेवली, वर्षभराने कुठल्यातरी सरकारी कामाला काढायला गेलो, तर अक्षरं प्लास्टिकवर उलटी उमटलेली आणि कागद फिका. ना ऊन लागलं होतं ना वर वजन होतं, मग हे झालं कसं? तर त्या मऊ फाइली बहुतेक पीव्हीसीच्या असतात, पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव मिसळलेला असतो, तो सावकाश टोनरच्या थरात शिरतो आणि त्यालाही मऊ करून टाकतो. (कडक, जरा धुरकट दिसणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनच्या फाइली घेत जा, त्यात हा त्रास नाही.) म्हणजे टोनर मऊ पडायला उष्णताच लागते असं काही नाही, एवढं इथे लक्षात ठेवा.

आता टोनर म्हणजे नक्की काय. बहुतेकांना वाटतं ती सुकी शाई आहे. प्रत्यक्षात ते बारीक केलेलं प्लास्टिक आहे, त्यात थोडा रंग. वजनाने बघितलं तर बहुतांश भाग रेझिन, म्हणजे पॉलिएस्टर नाहीतर स्टायरीन-ॲक्रिलेट, मग काळ्या टोनरमध्ये काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक, थोडं वॅक्स, स्थिर वीज नीट धरून ठेवायला थोडं चार्ज कंट्रोल एजंट, आणि प्रत्येक कणाच्या अंगावर सिलिकाची अतिबारीक भुकटी. कण साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा, डोक्याचा केस ७०च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. मशीनमध्ये हे कण विजेच्या ओढीने कागदावर जाऊन बसतात आणि मग फ्युजर नावाच्या १५० ते २०० डिग्रीच्या गरम रोलरखालून जाताना सेकंदाच्या काही शंभरांश भागात वितळून कागदाला धरतात. एवढ्यातच काय ते.

गंमत म्हणजे सुरुवातीला पावडर चिकट नव्हतीच. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमधल्या ॲस्टोरियात जी पहिली प्रत काढली त्यात लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची पावडर होती, आणि चिकटायचं काम मेणकागदाने केलं होतं. पुढे झेरॉक्सचा धंदा साध्या कागदावर उभा राहिला, तेव्हा ते काम पावडरच्या गळ्यात पडलं. तिथून आजपर्यंत टोनर बनवणाऱ्याची डोकेदुखी तीच आहे, पावडरने बाटलीत चिकटायचं नाही, फ्युजरच्या रोलरला चिकटायचं नाही, कागदाला मात्र पक्कं चिकटायचं, आणि तिथून पुढे कधीच कशालाच चिकटायचं नाही.

हे समजायला चिक्की घ्या. लोणावळ्याहून आणलेली शेंगदाण्याची चिक्की हिवाळ्यात काडकन मोडते. तीच जुलैमध्ये डबा उघडा राहिला तर मऊ पडते, तिच्या कागदाला चिकटते, दाताला चिकटते. ती वितळली का? नाही. बर्फ जसा शून्याला एकदम पाणी होतो तसं चिक्कीचं काही होत नाही, तिच्यातली साखर काचेसारखी गोठलेली असते आणि एका ठराविक तापमानाच्या पुढे ती काच हळूहळू सैल पडायला लागते. ह्या तापमानाला ग्लास ट्रान्झिशन टेम्परेचर म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं टीजी म्हणतो. ओलावा शिरला की चिक्कीचा टीजी खाली घसरतो, म्हणून पावसाळ्यात तीच चिक्की खोलीच्याच तापमानाला सैल. टोनरच्या रेझिनचं अगदी असंच. टीजी साधारण ५० ते ६५ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी ठेवलेला असतो, आणि टीजीच्या फक्त १० डिग्री वर गेलं की रेझिनचा घट्टपणा शेकडो पटींनी कमी होतो. शेकडो पटींनी, दुप्पट-तिप्पट नाही. त्यामुळे ५५ टीजीचा टोनर ४५ला शहाण्यासारखा वागतो आणि ६५ला गोंद होतो.

मग टीजी सरळ ८० का करत नाही, हा प्रश्न मामेभावानेही विचारला. करता येतो, पण मग फ्युजर जास्त तापवावा लागतो, वीज जास्त जाते, मशीनचा स्पीड पडतो, आणि पॉलिथिनसारख्या फिल्मवर छापायचं असेल तर ती फिल्मच आकसते. सगळा बाजार उलट्या दिशेने चाललाय, कमीत कमी उष्णतेत वितळणारा टोनर हवाय सगळ्यांना. आणि इकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या बंद टेम्पोत तापमान ५०च्या पुढे सहज जातं. वरून छत खाली येतंय आणि खालून जमीन वर येतेय, मधल्या फटीत आम्ही बसलोय.

बरं, सुट्या शीटचा गठ्ठा आणि रोल ह्यात फरक काय, तर रोल स्वतःच स्वतःला दाबतो. हे गणित करून बघण्यासारखं आहे. रिवाइंडरवर, म्हणजे छापलेला माल गुंडाळणाऱ्या मशीनवर, १० किलोचं टेन्शन म्हणजे ओढ आहे, वेब म्हणजे लेबलांची सलग पट्टी ३३ सेंटिमीटर रुंद, आणि कोअर नेहमीचा ३ इंची म्हणजे त्रिज्या ३.८ सेंटिमीटर. १० किलोला ३३ने भागा, मग ३.८ने भागा, दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८० ग्रॅम दाब येतो, आणि हा नुसत्या एका वेढ्याचा. बाहेर १५ सेंटिमीटर त्रिज्येवर तेच टेन्शन २० ग्रॅमच दाब देतं. वरचा प्रत्येक वेढा आतल्यांवर भर घालतो, अर्थात शंभर वेढे झाले म्हणून शंभरपट होत नाही कारण आतले थर दबून स्वतः सैल होतात, पण कोअरजवळ सगळ्यात जास्त चेपलं जातं हे नक्की. म्हणून मी त्याला आधी कोअरजवळचंच बघायला लावलं.

त्यात त्याच्या डिझाइनची भर. निळा पट्टा प्रत्येक लेबलवर त्याच जागी. टोनरचा थर गडद भागात ८ मायक्रॉन धरा, ५०० वेढे झाले की त्या एका पट्ट्याखाली ४ मिलिमीटर उंचवटा साठतो, बाकीच्या रुंदीत काहीच नाही. म्हणजे सगळा दाब त्या पट्ट्यावरच. रोलवरून हात फिरवला तर कळतं, तिथे कडक धावपट्टी लागते. आमच्याकडे ह्याला कुणी बॅंड म्हणतं, कुणी नुसतं फुगवटा.

आणि तिसरी गोष्ट उष्णता. कागद उष्णता सोडत नाही लवकर, गुंडाळलेला रोल म्हणजे गोधडीच. वेब ४५ डिग्रीला गुंडाळला तर गाभा तासन् तास तसाच कोमट राहतो, बाहेरून हात लावला तर गार. दाब, उष्णता, वेळ, तिन्ही एकाच जागी, कोअरजवळ.

आता फॉर्म्युलेशन. पहिला विचार सगळ्यांना येतो तो कणाच्या अंगावरच्या सिलिकाचा, की तीच भुकटी वाढवा, पोळी लाटताना पिठी लावतो तशी, मग चिकटणार नाही. बाटलीत अगदी बरोबर, पावडरची ढेकळं होत नाहीत ती सिलिकामुळेच. पण फ्युजरमधून गेल्यावर कण वितळतो, सपाट होतो, आणि सिलिका बरीचशी आत गाडली जाते. शेकलेल्या पोळीवर पिठी शोधण्यासारखं आहे ते. तोच प्रकार कोअर-शेल टोनरचा, ज्याची जाहिरात फार होते. केमिकल टोनर बनवताना पाण्यात रेझिनचे अतिसूक्ष्म कण एकत्र गोळा करून मोठा कण वाढवतात आणि शेवटी वरून जास्त टीजीच्या रेझिनचं कवच चढवतात, आत मऊ सारण बाहेर कडक पारी, मोदक म्हणा. कल्पना छानच, पावडर उन्हाळ्यात टिकते आणि वितळतेही लवकर. पण साडेपाच मायक्रॉनच्या कणावर ०.४ मायक्रॉनचं कवच म्हणजे आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल कवचात गेला, आणि फ्युजरखाली मोदक फुटून सारण-पारी एक झाली की पुढे रोलमध्ये जो थर राहतो त्याचा टीजी ह्या मिश्रणाचा, कवचाचा नाही. हे विक्रेते सांगत नाहीत. खोटं बोलतात असं नाही, त्यांना विचारलेलंच नसतं.

रोलसाठी खरा उपयोग होतो तो रेझिनच्या साखळ्यांचा, म्हणजे त्याच्या लांबलचक रेणूंचा. छोट्या साखळ्या लवकर वितळतात पण तेवढ्याच लवकर सरकतातही, लांब साखळ्या उकडलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंततात आणि दाब पडला तरी जागा सोडत नाहीत. म्हणून दोन रेझिन मिसळतात, एक छोट्या साखळ्यांचं वाहण्यासाठी, एक लांब किंवा थोडं क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडलेलं, आम्ही जेल म्हणतो, धरून ठेवण्यासाठी. जेल वाढवलं की ब्लॉकिंग कमी होतं पण चकाकीही जाते, लाल रंग विटकट दिसायला लागतो आणि मार्केटिंगवाले येऊन टेबलाशी उभे राहतात. त्याहून सोपा आणि दुर्लक्षित उपाय म्हणजे रेझिन स्वच्छ बनवणं. रिॲक्शन अर्धवट राहिली, अगदी छोटे तुकडे किंवा मोनोमर म्हणजे साखळीची सुटी कडी आत राहिली, की तो आतूनच प्लास्टिसायझरचं काम करतो, फाइलीतल्या पीव्हीसीवाल्या द्रवासारखा. दोन लॉटचा टीजी कागदावर सारखा आणि एक चिकटतो एक नाही, अशा वेळी मी आधी हे बघते.

वॅक्स हा दुसरा मोठा खेळाडू. घडीच्या पोळीत मधे तेल लावतो म्हणून पदर सुटतात, तसं. पूर्वी फ्युजरच्या रोलरलाच सिलिकॉन तेल पुसावं लागायचं, मग वॅक्स टोनरच्या आतच घालायला लागले, कार्नोबा, पॉलिथिन वॅक्स, एस्टर वॅक्स असे प्रकार आहेत. कण वितळला की वॅक्स वर येतं, रोलरपासून सोडवतं, आणि थंड झाल्यावर त्याचा पातळ पापुद्रा प्रिंटवर राहतो जो पुढच्या वेढ्यापासूनही सोडवतो. मग भरपूर घालू या की! नाही. वॅक्स जास्त झालं तर वरून व्हार्निश धरत नाही, लॅमिनेशन सुटतं, आणि औषधाच्या लेबलवर नंतर थर्मल रिबनने बॅच नंबर आणि एमआरपी छापायची असते ती अंगठ्याने पुसली जाते. औषधवाला कस्टमर त्यावर अख्खा लॉट परत पाठवतो. आणि वॅक्सचे गोळे रेझिनमध्ये बारीक, अर्ध्या-एक मायक्रॉनचे, सारखे पसरलेले हवेत, मोठे झाले की ते कणाच्या बाहेर डोकावतात आणि पावडरच चिकट होते.

आता जिथे मामेभावाचं घोडं अडलं होतं ते. कमी उष्णतेत वितळणाऱ्या टोनरमध्ये हल्ली क्रिस्टलाइन पॉलिएस्टर घालतात. साधं रेझिन चिक्कीसारखं हळूहळू सैल होतं, हे मात्र बर्फासारखं एका ठराविक तापमानाला, म्हणजे समजा ७०-८०च्या आसपास, झटक्यात पातळ होतं, आणि पातळ झालं की बाजूच्या रेझिनमध्ये मिसळून त्यालाही पातळ करतं. फ्युजरखाली हे वरदान आहे. अडचण थंड होताना. साजूक तूप सावकाश थंड होऊ दिलं की छान रवाळ होतं, घाईने फ्रीजमध्ये ढकललं की रवा धरतच नाही, कारण क्रिस्टल बनायला वेळ लागतो. प्रिंट तर सेकंदाच्या आत थंड होते. क्रिस्टल परत बनायला वेळच मिळत नाही, ते रेझिनमध्ये विरघळलेलंच राहतं आणि थराचा टीजी खाली ओढून ठेवतं, काही तास, कधी काही दिवस. आणि नेमकं त्याच तासांत आपण तो रोल करकचून गुंडाळून गरम गाभ्यासकट माळ्यावर नेऊन ठेवतो.

मी त्याच्याकडून टोनरची बाटली आणि बिघडलेला रोल दोन्ही मागवलं. डीएससी नावाचं मशीन असतं, नमुना सावकाश तापवत नेतं आणि कुठे किती उष्णता शोषली जाते ते नोंदवतं, त्यावरून टीजी कळतो. पावडरचा आला ५७, सप्लायरच्या डेटाशीटवर होता तेवढाच, म्हणजे माणूस खरं बोलत होता. मग नुकत्याच छापलेल्या लेबलवरून ब्लेडने थर खरवडून तो टाकला, तो आला ४९. तेच छापलेलं लेबल न गुंडाळता दोन दिवस ४० डिग्रीला ठेवलं आणि परत खरवडून टाकलं, ५४. क्रिस्टल परत आले होते. ह्या तीन आकड्यांत सगळी गोष्ट आहे. डेटाशीटवर पावडरचा टीजी असतो, रोलमध्ये पावडर नसते.

फॉर्म्युलेशनच्या बाजूने ह्याचं उत्तर असं की क्रिस्टलाइन पॉलिएस्टर असं निवडायचं जे गरम असताना साध्या रेझिनमध्ये मिसळेल आणि थंड होताच फटकन वेगळं होईल, साखळीचा कुठला तुकडा किती लांब घ्यायचा ह्यावर ते ठरतं, आणि जोडीला विरजण म्हणून थोडा न्यूक्लिएटिंग एजंट घालायचा ज्याच्या अंगावर क्रिस्टल लगेच धरतो. बोलायला एक वाक्य, करायला दीड-दोन वर्षं जातात, मी केलंय म्हणून सांगते.

टेस्टही शेवटी सोपीच असते. प्रिंटचे तुकडे कापायचे, एक छापील बाजू कागदाच्या पाठीला, एक छापील छापीलला, दोन काचांमध्ये ठेवून वर वजन, चौरस सेंटिमीटरला मघाशी काढलेल्या ८० ग्रॅमच्या आसपास, आणि ओव्हनमध्ये ५०, ५५, ६० असे वेगवेगळे संच २४ तास. आर्द्रताही धरायची, कारण पॉलिएस्टर थोडं पाणी घेतं आणि चिक्कीसारखाच त्याचा टीजी उतरतो, कोरड्या ओव्हनमध्ये पास झालेला टोनर आपल्याकडच्या जुलैत नापास होऊ शकतो. मग बाहेर काढून पूर्ण थंड झाल्यावर सोलायचं आणि कान द्यायचा. आवाज नाही, पास. बारीक आवाज पण डाग नाही, सावध. डाग, नापास. कागद फाटला तर वहीत लिहायचीही गरज नाही. नवीन पोरांना मी आधी आवाज ऐकायलाच शिकवते, डोळ्यांना डाग दिसायच्या एक पायरी आधी कानाला कळतं.

मामेभावाला टोनर लगेच बदलता येत नव्हता, माल पडलेला होता. त्याला म्हटलं रिवाइंडरच्या आधीचा कूलिंग रोलर चालू आहे का बघ, तर त्याचं पाणी एप्रिलपासून बंद होतं, चिलरवाला येतो येतो म्हणत होता. तो आधी चालू करून घेतला. टेन्शन १० वरून ६ किलोवर आणलं आणि रोलचा व्यास वाढेल तसं हळूहळू अजून कमी होईल असं लावलं. कोअर ३ इंचीऐवजी ६ इंची घेतला, त्यात एका रोलमध्ये मीटर कमी बसतात म्हणून त्याने तोंड वाकडं केलं, पण दाब तिथल्या तिथे निम्मा झाला. छापलेले रोल पहिले दोन दिवस सैल गुंडाळून खाली गाळ्यातच सावलीत ठेवायचे, पत्र्याखालच्या माळ्यावर न्यायचे नाहीत, आणि मग कस्टमरच्या कोअरवर परत गुंडाळून द्यायचे. आणि डिझाइनरला सांगून निळा पट्टा एका आड एक लेबलवर उलट बाजूला घेतला, म्हणजे लेबलं एक सुलटं एक उलटं लावली, तो फुगवटा दोन जागी विभागला गेला. लेबल लावणाऱ्या मशीनला उलटं लेबल चालत नाही त्या कस्टमरसाठी हे जमलं नाही, त्यांच्या रोलला अजून व्हार्निशच मारून देतो.

जूनच्या शेवटी परत फोन आला, परत काही न बोलता रोलजवळ धरलेला. सळसळ ऐकू आली, मग अगदी शेवटी, कोअरच्या जवळ, दोन-तीन वेळा चर्र. "एवढं चालतं का ताई?" डाग आहे का विचारलं. नाही म्हणाला. मग शेवटचे पाच मीटर कापून टाक आणि बाकीचा पाठव, असं सांगितलं.